कढीपत्त्यावरच्या अळ्या जास्वंदीवर का जात नाहीत?

प्रश्न : कोथरूडमध्ये आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कढीपत्ता आणि जास्वंद यांच्या कुंड्या शेजारी शेजारी आहेत. पाऊस सुरू झाला की कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या येतात आणि डहाळ्या बोडक्या करतात. जास्वंदीला मात्र तोंड लावत नाहीत. असे का? आणि फवारणी करावी का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या वर्णनावरून या अळ्या कॉमन मॉर्मन किंवा लाइम बटरफ्लाय या फुलपाखराच्या असाव्यात. झाडाची निवड अळी करत नाही, तिची आई करते. मादी पानावर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी ते भराभर थोपटते आणि त्या पायांवरच्या सूक्ष्म केसांनी पानाची चव घेते. ओळखीची रसायने लागली, तरच पोटाचे टोक वळवून कोवळ्या पानाला जेमतेम 1 मिलिमीटरचे, फिकट पिवळे, गोल अंडे चिकटवते. जास्वंद या परीक्षेत नापास होते. कढीपत्ता, लिंबू, संत्रे आणि बेल मात्र एकाच कुळातले असल्याने उत्तीर्ण होतात.

यातली खरी गंमत बावचीत आहे. बावची शेंगा धरणाऱ्या कुळातली, म्हणजे लिंबाची कोणी नव्हे. तरीही लाइम बटरफ्लायच्या अळ्या तिच्यावर वाढतात. बावचीत सोरॅलेन नावाचे रसायन असते आणि त्याच गटातली रसायने बेलातही आढळतात. इतर अनेक किड्यांना जी रसायने बाधतात, ती पचवायला ही फुलपाखरे शिकली आहेत, त्यामुळे झाडाची तटबंदीच त्यांना वाट दाखवते असे म्हणायला हरकत नाही.

विष्ठेचे सोंग अळीच्या वाढीच्या पहिल्या चार अवस्थांपुरतेच असते (कात टाकली की पुढची अवस्था). अंगठ्याएवढी विष्ठा कोणत्या पक्ष्याला पटणार? म्हणून पाचव्या अवस्थेत अळी पानासारखी हिरवी होते. तिला काडीने हलकेच स्पर्श केल्यास डोक्यामागून दुभंगलेली, लालसर, शिंगासारखी ग्रंथी बाहेर येते आणि उग्र वास सुटतो; मुंग्यांना तो सहन होत नाही. प्रौढ मॉर्मनची गोष्ट आणखी निराळी. कॉमन रोज आणि क्रिमसन रोज ही फुलपाखरे सापसंदीच्या वेलीवर वाढून विषारी होतात. कढीपत्त्यावर वाढणाऱ्या मॉर्मनला तसे विष मिळत नाही, म्हणून तिच्या काही माद्या या दोघींचा वेश घेतात. हा वेश ‘डबलसेक्स’ नावाच्या एका जनुकाच्या हाती आहे, हे फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवून दिले.

फवारणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ही पाने आपल्या फोडणीत पडणार आहेत. शिवाय अंड्यांत आणि कोशांत स्वतःची अंडी घालून अळ्यांची संख्या आटोक्यात ठेवणारे बारीक परजीवी कीटकही औषधाने मरतात. रोप लहान असेल, तर काही अळ्या पानासकट उचलून मोठ्या कढीपत्त्यावर सोडाव्यात. अन्य झाडाऐवजी कढीपत्ताच निवडावा, कारण एका पानाची सवय लागलेली अळी कधी कधी दुसरे पान नाकारते. पूर्ण वाढलेली अळी कोशासाठी रोप सोडून ग्रिलकडे किंवा भिंतीकडे जाऊ शकते, तेव्हा कमरेला रेशमी धागा बांधलेला हिरवा वा तपकिरी कोश दिसल्यास तो झाडून टाकू नये. बोडक्या डहाळ्यांचे शेंडे खुडावेत. पावसाळ्यात कढीपत्त्याला लवकर नवी फूट येते.