समेटाच्या तारखा चालू असताना एकेकट्याने सही करू नका

तुमची पोस्ट वाचली. युनियन नोंदवून झाली, मागणीपत्र दिलं, कंपनी बोलणीला बसत नाही, सरकारच्या कामगार कार्यालयात समेटाच्या, म्हणजे मध्यस्थीच्या, तारखांवर तारखा पडतायत आणि इकडे एचआर एकेकाला केबिनमध्ये बोलावून पगारवाढीच्या कागदावर सही मागतंय, असं तुम्ही लिहिलंय. हेच सगळं आम्ही सोसलंय. सही करावी का आणि सगळ्यांनी एकाच दिवशी रजा टाकली तर चालेल का, हे तुमचे दोन प्रश्न. दोन्हीला माझं उत्तर 'नाही' असंच आहे.

आधीच सांगतो, मी वकील नाही. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात बरीच वर्षं युनियनचा सेक्रेटरी होतो, त्या अनुभवावर लिहितोय. सभासद पावत्या, ठराव, मिनिट बुक हे तुम्ही केलेलंच असणार, त्यात शिरत नाही.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते समेट घडवायला बसलेल्या कार्यालयाने. तारखेला आम्ही पगार बुडवून जायचो. कंपनीकडून एक ज्युनिअर पोरगा यायचा, त्याला कसलाच अधिकार नसायचा. "मॅनेजमेंट विचार करतंय, पुढची तारीख द्या," एवढं तो बोलायचा आणि समेट अधिकारी साहेब तारीख द्यायचे. हजेरीच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या आणि खाली एकच ओळ, 'चर्चा झाली, पुढील तारीख'. कंपनीने कोणती मागणी नाकारली, का नाकारली, आमचं म्हणणं काय, याचा एक शब्द नाही. फेल्युअर रिपोर्ट, म्हणजे समेट असफल झाल्याचा अहवाल, द्या म्हटलं की "घाई कशाला, बोलून सुटेल की." लेखी अर्ज न्यावा तर बारनिशीवर (आवक-जावक टेबलावर) शिक्का मारायला कोणी नाही, अर्ज ठेवून जा म्हणायचे. पोच नाही म्हणजे अर्ज दिल्याचा पुरावा नाही.

तेव्हा १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा होता. त्यात समेट अधिकाऱ्याने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असं लिहिलेलं होतं. तो अहवाल सरकारकडे जायचा आणि सरकारने वाद सोपवला तरच पगारवाढीचं प्रकरण न्यायाधिकरणात, म्हणजे अशा वादांच्या कोर्टात, उभं राहायचं. आमचा अहवालच निघेना. वर्ष उलटलं तरी आम्ही त्याच बाकावर.

आणि त्या वर्षात केबिनचं दार चालू होतं. कागद एका पानाचा. वरच्या परिच्छेदात पगारवाढीचा आकडा, खालच्या परिच्छेदात 'संघटनेच्या मागणीपत्राशी माझा संबंध नाही, माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही'. तारखेची जागा कोरी. वाचायला घरी नेऊ देत नव्हते. ज्याचा घराचा हप्ता थकलाय, ज्याच्या मुलीचं लग्न ठरलंय, त्याने सही केली. त्यांच्यावर माझा तेव्हाही राग नव्हता, आजही नाही. प्रकरण शेवटी न्यायाधिकरणात पोहोचलं तेव्हा कंपनीच्या वकिलाने त्या कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, बहुतेक कामगार समाधानी आहेत, वाद उरलाय कुठे? करार पुढे झाला, पण मागची थकबाकी जवळजवळ सगळी सोडावी लागली. चिडचिड होते लिहिताना. कंपनी तिच्या फायद्याचं बघणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. ज्याला सरकार पगार देतं त्याने कायद्यातली मुदत पाळावी एवढीच आमची अपेक्षा होती.

तुमची परिस्थिती एका बाबतीत बरी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात समेटाचा अहवाल ४५ दिवसांत द्यायचा आहे, संपाची नोटीस असेल तर १४ दिवसांत. अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत तुम्ही थेट न्यायाधिकरणात जाऊ शकता, सरकारने सोपवायची वाट बघायची नाही. ते ९० दिवस चुकवू नका. तुमचा वाद आधी दाखल झाला असेल तर कोणता कायदा लागतो ते वकिलाकडून लेखी घ्या.

एकाच दिवशी रजेचं डोक्यातून काढा. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एका दिवशी किरकोळ रजा घेतली तर नव्या संहितेत तो संपच धरला जातो. संपाला १४ दिवसांची नोटीस लागते, आणि समेट चालू असताना व त्यानंतर ७ दिवस संप करता येत नाही. म्हणजे तारखा लांबवणारा माणूस तुमचा कोर्टाचा रस्ताही अडवतो आणि संपाचाही. म्हणून तर म्हणतो, सगळा जोर अहवाल बाहेर काढण्यावर लावा.

सहीबद्दल. कंपनीने समेटाबाहेर केलेला करार फक्त सही करणाऱ्यांना बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार, ज्याला आपण सगळे जुन्या कायद्यातल्या कलमावरून अजूनही १२(३) म्हणतो, तो सगळ्यांना लागू होतो, उद्या भरती होणाऱ्यालाही. शिवाय संहितेत, एकाहून जास्त युनियन असतील तिथे, ५१ टक्के कामगार ज्या युनियनबरोबर असतील तीच एकटी वाटाघाटी करणार. तेवढे कोणाकडेच नसतील तर २० टक्के किंवा जास्त असलेल्या युनियनांची परिषद बसते. केबिनमधली प्रत्येक सही त्या ५१ मधून एक माणूस काढायला वापरली जाते. कागद वाचायला घरी देत नाहीत एवढ्यावरूनच ओळखा.

तुमच्या पोस्टखाली एकाने लिहिलंय की युनियननेच मुंबईच्या गिरण्या बुडवल्या. मला हे पटत नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले त्यात पगार, बोनस होतेच, पण आपल्या वतीने कोण बोलणार हाही प्रश्न होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने बोलणीचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकाच युनियनला दिला होता. कामगार मात्र कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते, आणि कायद्याने सामंतांना टेबलावर जागा नव्हती. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोलताच येत नसेल तर भांडण मिटणार कसं? संप फार ताणला गेला हेही खरं, आणि त्याची किंमत गिरणगावातल्या घरांनी मोजली. पण त्यावरून सामूहिक वाटाघाटीच नकोत म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. एकटा ऑपरेटर एचआरसमोर बसून वाटाघाटी करतो असं मी तरी कधी पाहिलं नाही. तो सांगितलेल्या जागी सही करतो.

'बाहेरचा नेता नको' म्हणून कंपनी सांगत असेल तर ऐकू नका. पदाधिकाऱ्यांमध्ये एक तृतीयांश किंवा पाच, यातला कमी आकडा, एवढे बाहेरचे कायद्याने चालतात. आतल्याची बदली होते, त्याच्यावर चार्जशीट निघते, बाहेरच्याला हात लावता येत नाही. माझं वैयक्तिक मत, एक तरी असावा. आणि संरक्षित कामगारांची (वाद चालू असताना ज्यांना परवानगीशिवाय काढता येत नाही अशा पदाधिकाऱ्यांची) नावं कंपनीला लेखी कळवली नसतील तर आधी ते करा.

पुढच्या तारखेला जाताना अर्ज दोन प्रतींत टाईप करून न्या: कंपनीचा प्रतिनिधी अधिकारपत्र घेऊन येत नाही, अमुक मागण्या नाकारल्या आहेत, समेट असफल झाल्याचा अहवाल द्यावा. पोच दिली नाही तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा, एक प्रत वरच्या कार्यालयाला. आमचा अहवाल निघाला तो असा, वरून विचारणा आल्यावर. हजेरीच्या कागदावर सही करताना 'चर्चा झाली' या ओळीखाली आपलं म्हणणं दोन ओळींत हाताने लिहा, मग सही. नको म्हणाले तरी लिहा. आणि कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.