नवऱ्याच्या वीर्याच्या रिपोर्टमध्ये पस सेल आलेत. इन्फेक्शनमुळेच मूल होत नाहीये का?

ताई, तुम्ही लिहिलंय की लग्नाला तीन वर्षं झाली, तुमच्या सगळ्या तपासण्या ठीक आहेत, आणि मिस्टरांच्या पहिल्याच रिपोर्टमध्ये काउंट (म्हणजे शुक्राणूंची संख्या) ११ मिलियन, पस सेल १० ते १२ असं आलं. त्यावर दोन महिन्यांत तीन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. सासूबाई म्हणतात, बाविसाव्या वर्षी त्याला गालगुंड झालं होतं, तेव्हाच सगळं गेलं. तुम्ही सोलापूरच्या, मीही सोलापूरचीच. १७ वर्षं इथे पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, आणि त्यातला बराच काळ वीर्यतपासणीचं टेबल माझ्याकडेच आहे. मी डॉक्टर नाही, औषध सांगणार नाही. पण त्या कागदावरचे शब्द कुठून येतात ते रोज बघते, तेवढं सांगते.

आधी पस सेल. वीर्याचा थेंब काचेवर घेतला की हलणाऱ्या शुक्राणूंच्या मधे गोल गोल पेशी दिसतात. त्यातल्या काही पांढऱ्या पेशी असतात, म्हणजे खरा पू. काही मात्र वृषणातून कच्चेच बाहेर पडलेले, पुरते न घडलेले शुक्राणू असतात. साध्या काचेवर दोन्ही सारखेच दिसतात. वेगळे ओळखायचे तर पेरॉक्सिडेजचा रंग द्यावा लागतो. पुवाची पेशी तपकिरी होते, कच्चा शुक्राणू तो रंग घेत नाही. हे करायला वेळ लागतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी गोल दिसेल ते पस सेल म्हणून लिहून मोकळे होतात. सुरुवातीची काही वर्षं मीही असंच लिहीत होते. त्या रिपोर्टवर किती जणांनी उगाच गोळ्या खाल्ल्या असतील, हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

रंग देऊन मोजल्यावर एका मिलिलिटरमध्ये १० लाखांहून जास्त पांढऱ्या पेशी निघाल्या तर ते जास्त धरतात. तरीही त्याचा अर्थ सूज आहे एवढाच. जंतू आहे का आणि कुठला, हे कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात त्यात, कळतं, आणि कल्चर गोळ्या सुरू करायच्या आधी करायचं असतं. क्लॅमिडिया नावाचा जंतू तर साध्या कल्चरमध्ये उगवतच नाही, त्याच्यासाठी लघवीच्या पहिल्या धारेची पीसीआर तपासणी लागते. तुमच्याकडे यातलं काहीच न करता तीन कोर्स झाले. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, चौथा कोर्स घेण्याआधी डॉक्टरांना विचारा: कुठलं इन्फेक्शन, कुठे आहे, आणि कशावरून?

कारण ‘इन्फेक्शन’ या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी येतात. गालगुंडाचं बघा. तो विषाणू आहे, त्याच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, आणि तो तेव्हाच येऊन गेला. वयात आल्यावर गालगुंड झालं तर साधारण चार-पाच पुरुषांत एकाचं वृषण सुजतं, बहुतेकदा एकाच बाजूचं. वृषणाभोवतीचं आवरण घट्ट असतं, आतली सूज बाहेर पसरू शकत नाही, त्या दाबानं आतल्या नाजूक नळ्या मरतात आणि पुढे ते वृषण बारीक होतं. पण दुसरी बाजू चांगली असेल तर ती काम करत राहते. दोन्हीकडचं कायमचं बंद पडणं क्वचित घडतं. आणि तुमच्या मिस्टरांचा काउंट ११ मिलियन आहे, ताई, शून्य नाही. सासूबाईंना हे सांगा. त्या वेळी वृषण सुजलं होतं का हेही विचारा. नुसते गालच सुजले असतील तर गालगुंडाला दोष देण्यात अर्थ नाही. (सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही. घरात लहान मुलं असतील तर गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एमएमआर लसीबद्दल बालरोगतज्ज्ञांना जरूर विचारा.)

दुसरा प्रकार संबंधातून येणाऱ्या गनोरिया-क्लॅमिडियाचा. जंतू लघवीच्या मार्गानं वर चढतो, वृषणामागच्या नळीला सूज आणतो, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर रस्ता बुजतो. पुरुषाला काही त्रास जाणवेलच असं नाही. यात एकट्यानं औषध घेऊन भागत नाही, दोघांनी एकाच वेळी घ्यावं लागतं, नाहीतर एकाचं दुसऱ्याला परत लागतं. सरकारी रुग्णालयांत यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तपासणी आणि औषध फुकट. आपल्या सिव्हिलमध्ये चौकशी करा. लाज वाटून लोक मेडिकलवाल्याला काउंटरवरच लक्षणं सांगतात आणि अर्धवट गोळ्या घेऊन येतात, त्यानं फार नुकसान होतं.

तिसरा टीबी, आणि याबद्दल मला जरा जास्त सांगायचंय. काही वर्षांपूर्वी पूर्व भागातला यंत्रमागावरचा एक मुलगा आला होता, असेल तीस-एकतीसचा. मला डबी देईना. म्हणाला, “मॅडम, आत कुणी पुरुष माणूस नाही का?” मी म्हटलं, “मी रोज हेच करते दादा, द्या.” डबीत जेमतेम अर्धा मिली. काचेवर एकही शुक्राणू नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे यंत्रात गरगर फिरवून, तळाचं पाहिलं, तरी नाही. फ्रुक्टोज, म्हणजे वीर्यातली साखर, निगेटिव्ह. वीर्यातला बराचसा द्रव आणि हे फ्रुक्टोज वीर्याच्या पिशव्यांमधून येतं. दोन्ही नाही म्हणजे बहुतेक वेळा वाट कुठेतरी बंद आहे. बायकोला दोन वर्षं सोलापूर-पुणे फिरवत होते, याची तपासणी त्या दिवशी पहिल्यांदा. डॉक्टरांनी हातानं तपासलं तर वृषणावरची नळी मण्यांच्या माळेसारखी गाठीगाठीची लागली. पुढच्या तपासण्यांत जननमार्गाचा टीबी निघाला. सहा महिने टीबीचं औषध झालं, तेही सरकारीच. टीबी गेला, बुजलेला रस्ता मात्र उघडला नाही. पण रस्ता बंद असला तरी कारखाना बंद नसतो. सुईनं थेट वृषणातून शुक्राणू काढले, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) झालं. मागच्या गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, तो मला पोरीला खांद्यावर घेऊन दिसला. म्हणून विचारते, घरात कुणाला टीबी होता का? मिस्टरांना संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, अंडकोशात न दुखणारी गाठ असं काही? आणि वीर्य किती मिली लिहिलंय ते बघा.

अंडकोशात पाणी भरलेलं असेल तर तेही सांगा. आपल्या भागात हत्तीरोग जुना आहे, आणि तो अंडकोशातही उतरतो. आणि हे सगळ्यांसाठी: वृषणात अचानक जोरात दुखायला लागलं तर इन्फेक्शन म्हणून घरी थांबू नका. पीळ पडलेला असू शकतो, साधारण सहा तासांत ऑपरेशन लागतं.

आता त्या ११ मिलियनबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये खालची मर्यादा १६ मिलियन प्रति मिली धरली आहे. त्याहून कमी म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, आणि एका रिपोर्टवरून काहीच ठरवायचं नसतं. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७२ ते ७४ दिवस लागतात, बाहेर यायला आणखी थोडे. त्यामुळे आजचा रिपोर्ट अडीच-तीन महिन्यांपूर्वीची तब्येत सांगतो. त्या सुमारास डेंग्यू, टायफॉईड, नुसता जोराचा ताप आलेला असेल तरी काउंट पडतो आणि आपोआप वर येतो. मिस्टरांना विचारून बघा, त्या रिपोर्टच्या आधीच्या तीन महिन्यांत कधी तापानं झोपून होते का.

दुसरी तपासणी शेवटच्या तापापासून आणि गोळ्या संपल्यापासून तीन महिने सोडून करा. आधी २ ते ७ दिवस संबंध नकोत, आणि दोन्ही वेळा तेवढेच दिवस ठेवा, तरच तुलना होते. जमलं तर लॅबमध्येच द्या. घरून आणणार असाल तर तासाच्या आत, आणि अंगाच्या उबेत. मे महिन्यात एक गृहस्थ डबी बर्फाच्या पिशवीत घालून घेऊन आले, उन्हानं खराब होईल म्हणून. सगळे शुक्राणू गार पडून निपचित झालेले. त्यांना परत यायला सांगितलं, चार दिवसांनी ते डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून आले आणि हालचाल पन्नास टक्क्यांवर निघाली. झाकण घट्ट लावा, थोडं सांडलं असेल तर तसं सांगा, आणि डबी देताना “पेरॉक्सिडेज कराल का?” एवढं आधीच विचारून घ्या. तिथे होत नसेल तर दुसऱ्या लॅबला जा.