पहिल्या मतदानापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. आजोबांपासून घरातली सगळी मते एकाच चिन्हावर पडत आली आहेत आणि तू वेगळा विचार बोलून दाखवताच काकांनी तुला घरभेदी ठरवले, हे वाचून वाईट वाटले. तरीही आजोबांच्या निष्ठेला आंधळी म्हणू नकोस. १९३६ साली आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. अशा या यावल-रावेर पट्ट्यात पक्षनिष्ठा कित्येक घरांनी, मग पक्ष कोणताही असो, कुळाचारासारखी सांभाळली आहे.

शिवाय पक्ष पाहणे गैरही नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडून सभागृहात मत देणाऱ्या आमदाराचे किंवा खासदाराचे सदस्यत्व जाऊ शकते. त्यामुळे 'मी फक्त माणूस पाहतो' एवढे म्हणणे तिथे अपुरे पडते. ग्रामपंचायतीची निवडणूक मात्र पक्षचिन्हावर होतच नाही, मग सरपंच निवडताना झेंडा कशाला पाहायचा? म्हणून आधी हे पद कोणत्या कामाचे, ते समजून घे. गावातली गटार ग्रामपंचायतीची, मनमाड-इंदूर रेल्वेमार्ग केंद्राचा, आणि केळीच्या फळपीक विम्याच्या हप्त्यात केंद्र व राज्य दोघांचाही वाटा असतो. खासदाराला गटारीचा आणि सरपंचाला विम्याचा जाब विचारला, तर दोघेही सहज सुटतात.

त्यानंतर उमेदवाराचे शपथपत्र वाच. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे हा हक्क आपल्याला मिळाला आणि विधानसभा-लोकसभेच्या उमेदवारांची ही शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. या शपथपत्राच्या ठरावीक अर्जात, म्हणजे नमुना २६ मध्ये, प्रलंबित खटले कलमांसह, स्वतःची, जोडीदाराची व अवलंबितांची मालमत्ता, कर्ज आणि सरकारी थकबाकी लिहावी लागते. उमेदवार पूर्वी निवडून आलेला असेल, तर मागचे आणि आताचे शपथपत्र शेजारी ठेवून मालमत्तेचे आकडे ताडून पाहा. खटला दिसला म्हणून लगेच माणूस बाद करू नकोस. कापसाच्या भावासाठी रस्ता अडवल्याचा गुन्हा वेगळा आणि ठेवीदारांच्या फसवणुकीचा वेगळा, आणि दोन्हींत न्यायालयाचा निकाल अजून बाकी असतो. अशा व्यक्तीलाच उमेदवारी का दिली, याची कारणे पक्षाने जाहीर करावीत आणि केवळ निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही, असे न्यायालयाने २०२० मध्ये बजावले आहे. आपल्या पक्षाने दिलेले कारण वाचणे हे मला निष्ठावंताचेच पहिले कर्तव्य वाटते.

काकांशी वाद घालू नकोस. मत गुप्त आहे आणि ते कोणाला दिले हे सांगण्याचे बंधन तुझ्यावर नाही. आजोबांना मात्र सगळ्या प्रमुख उमेदवारांची शपथपत्रे, त्यांच्या पक्षाच्या उमेदवाराचेही, सावकाश वाचून दाखव आणि ते काय विचारतात ते मला कळव.

तुझा हितचिंतक