बदलत्या समाजात ख्रिस्ती चर्चने बदलायचं की ठाम राहायचं?

दोन्ही: श्रद्धेचा गाभा जपायचा आणि ती जगण्याची रीत काळाप्रमाणे बदलायची. चर्चच्या इतिहासात हे वारंवार घडलं आहे. कारखान्यांच्या युगात मजुरांचे हाल वाढले, तेव्हा पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या परिपत्रकात न्याय्य वेतन आणि कामगारांचा संघटनेचा हक्क उचलून धरला. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (१९६२-६५) लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य सामूहिक उपासना, करण्याची वाट मोकळी केली; माझ्या मते सामान्य भाविकाला सर्वांत जवळून जाणवलेला बदल हाच. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये १९९४ पासून स्त्रियांना धर्मगुरूची दीक्षा मिळते, कॅथलिक चर्चमध्ये मात्र आजही नाही. म्हणजे ‘चर्च’ ही एकच उत्तर देणारी संस्था नाही, हे ध्यानात ठेवा. शिवाय चर्च नेहमी न्यायाच्याच बाजूला होतं असंही नाही. दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्चनं वर्णभेदाला बायबलचा आधार दिला आणि त्याच बायबलच्या बळावर अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले) आर्चबिशप डेझमंड टुटू त्याविरुद्ध उभे राहिले. म्हणून एखाद्या चर्चची भूमिका तपासताना मी आधी एवढंच पाहतो: त्या समाजातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या बाजूनं ते बोलतंय का?