शेणात सापडलेलं गवत

यावेळी डायनासोरवरची पत्रं एकदम ढीगभर आलीत, सुट्टी लागली की हे होतंच. सगळी घेता येणार नाहीत, चार घेतोय, आणि पहिल्यावरच जास्त वेळ घालवणार आहे कारण ते पत्र वाचून मला राहवलंच नाही.

प्रश्न : मुलीने प्रोजेक्टसाठी लांब मानेच्या डायनासोरचं चित्र काढलं, खाली मस्त हिरवं गवत रंगवलं. बाईंनी गवतावर लाल काट मारली, डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच म्हणाल्या. पोरगी रडत रडत झोपली. नक्की खरं काय? (एक आई, सांगली)

ताई, तिला सांगा गवत खोडू नकोस. आणि बाईंवरही रागावू नका, त्या शिकल्या तेव्हा पुस्तकात तसंच होतं. डायनासोर संपले ६.६ कोटी वर्षांपूर्वी आणि गवताचे खात्रीचे जीवाश्म मिळत होते साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे या दोघांची गाठच पडली नाही असं सगळे धरून चालले होते. २००५ साली हे उलटलं, आणि कुठल्या दगडांनी उलटवलं माहितीये? आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या, वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याच्या. आणि दगड तरी कसले, तर डायनासोरचं शेण! हसू नका, खरंच शेण, दगड झालेलं.

पिसदुऱ्याच्या शेतांमधे हे गोळे नांगराला लागतात. काही लिंबाएवढे, काही चांगले नारळाला टक्कर देतील असे, वरून वळ्या पडलेले, आणि एकदा ओळखायला शिकलात की लांबूनही कळतं हे काय आहे ते. या भागातली हाडं गोळा करायला सुरुवात केली ती स्टीफन हिस्लॉप यांनी, नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच, १८६० च्या आसपास. पुढे १९३९ मधे मॅटली नावाच्या इंग्रज भूवैज्ञानिकाने या शेणाच्या गोळ्यांवर आख्खा लेख लिहिला, त्यांचे आकारावरून प्रकार पाडले. म्हणजे वस्तू सगळ्यांना माहीत होती, आत काय आहे ते नीट बघायचं राहिलं होतं.

आता आत काय बघणार? तर तुम्ही सांगलीच्या, उसाचं पान हाताला कसं चिरतं हे मी सांगायला नको. ते कशामुळे होतं, तर ऊस, भात, बांबू ही सगळी गवताचीच भावंडं, आणि गवत मुळातून पाण्याबरोबर सिलिका, म्हणजे वाळूत असते तीच वस्तू, ओढून घेतं आणि पेशीपेशीत साठवतं. पान कुजून जातं, जनावराने खाल्लं तर पोटात पचून जातं, पण हे सिलिकाचे कण तसेच्या तसे खाली पडतात, कोटी वर्षं गेली तरी. त्यांना फायटोलिथ म्हणतात. आणि गंमत म्हणजे प्रत्येक घराण्याचा साचा वेगळा, कुणाचे कण डंबेलसारखे, कुणाचे खोगिरासारखे, त्यामुळे मायक्रोस्कोपखाली कण बघून सांगता येतं की हे ताडाचं, हे गवताचं, आणि गवतातलंही भाताकडचं की बांबूकडचं.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, स्वीडनहून कॅरोलाइन स्ट्रोमबर्ग, अशोक साहनी आणि हबीब अलीमोहम्मदियन यांनी पिसदुऱ्याचे गोळे घेऊन हेच केलं आणि त्यात किमान पाच प्रकारचं गवत निघालं, त्यात भात आणि बांबूचे नातेवाईकही होते. २०११ मधे आणखी एक अभ्यास आला, त्यात तर भाताच्या कुळाची पाळंमुळं डायनासोरच्या काळापर्यंत मागे नेलीत. चंद्रपूर-गडचिरोलीत आजही भात आणि बांबू भरपूर, आता हा योगायोगच, पण मला सांगावासा वाटला.

हे शेण टाकलं कुणी? त्याच थरांत टायटनोसॉर, म्हणजे लांब मान, लांब शेपटी, हत्तीसारखे पाय असलेल्या घराण्याची हाडं मिळतात, म्हणून शेणही त्यांचंच असावं असं मानतात. जवळच्याच डोंगरगावचा एक तर चांगला नावारूपाला आलाय, इसिसॉरस. नाव ऐकून दचकू नका, ते कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून आहे, २००३ मधे ठेवलेलं. या मंडळींचे दात पेन्सिलीसारखे, ओरबाडायचं आणि गिळायचं, चावणं वगैरे भानगड नाही.

पण बाईंची बाजू पण थोडी घेतो. त्या शेणात गवत आहे ते चवीपुरतं, जास्त भरणा सूचिपर्णी झाडं, ताड-माड आणि रुंद पानांच्या झाडांचा आहे. आणि नजर पोचेल तिथपर्यंत गवताळ माळरान हा प्रकार डायनासोर गेल्यावर कितीतरी कोटी वर्षांनी आला. म्हणून मुलीला म्हणावं, लॉन थोडं खोड, पाण्याच्या कडेला गवताचे झुपके ठेव, मागे दोन ताडाची झाडं काढ, आणि जमलं तर खाली शेणाचा एक पो पण काढ. मार्क नाही मिळाले तरी चालतील.

प्रश्न : मागच्या महिन्यात ट्रेकला गेलो तेव्हा उतारावर एक गोल दगड दिसला, कांद्यासारखे पापुद्रे सुटत होते. ग्रुपवर सगळे म्हणतायत डायनासोरचं अंडं. घरी आणलाय. काय करू? (पुणे)

भाऊ, परत ठेवून या. सह्याद्री हा लाव्ह्याचा डोंगर, उकळत्या लाव्ह्यात कोण अंडं घालणार! आपला काळा बेसॉल्ट चिरा पडून चौकोनी तुकड्यांत फुटतो, पाणी चारी बाजूंनी आत शिरतं, कोपरे आधी झिजतात आणि पापुद्रे सुटत सुटत आत गोल गड्डा उरतो. असले फोटो मला दर पावसाळ्यानंतर येतात. आपल्याकडे डायनासोर मिळतात ते लाव्ह्याखालच्या गाळाच्या थरांत, लॅमेटा म्हणतात त्यांना, जबलपूरच्या लॅमेटा घाटावरून, आणि हे थर विदर्भ, मध्य प्रदेश, गुजरात असे लाव्ह्याच्या कडेकडेने उघडे पडलेत.

प्रश्न : डायनासोर पिल्लांना सांभाळायचे का? पक्ष्यांसारखं अंड्यावर बसायचे की कासवासारखं टाकून चालते व्हायचे? (निवृत्त शिक्षक, नागपूर)

सर, दोन्ही. घराण्यावर अवलंबून.

बसणाऱ्यांची गोष्ट आधी सांगतो कारण त्यात एका बिचाऱ्यावर फुकट आळ आला होता. १९२३ मधे मंगोलियात अंड्यांच्या घरट्याला लागूनच एक लहानसा डायनासोर मिळाला, अंडी दुसऱ्याच कुणाची तरी असणार असं धरलं आणि त्याचं नाव ठेवलं ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर. १९९३ मधे तसल्याच अंड्यात पिल्लू सापडलं, तर ते त्याच्याच घराण्यातलं निघालं! नंतर तर त्याच्या जवळच्या नात्यातला एक अंड्यांवर हात पसरून बसलेला तसाच गाडलेला मिळाला. सत्तर वर्षं चोर चोर म्हटलं आणि आता नाव बदलता येत नाही, नियमच तसा आहे.

आपल्याकडच्या टायटनोसॉरचं मात्र उलट. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी मिळाली, २०२३ मधे अभ्यास छापून आला. अंडं १५ ते १७ सेंटिमीटरचं, आणि आई कित्येक टनांची, ती कुठे बसणार त्यावर. शिवाय घरटी इतकी खेटून की मधून चालायला जागाच नाही, त्यामुळे अंडी मातीत पुरून आई निघून जात असावी. कवचाला भोकंही भरपूर, जे जमिनीत पुरलेल्या अंड्याचं लक्षण.

आणि आई नसली की काय होतं हे तुमच्याच नागपूरच्या माणसाने शोधलंय. धनंजय मोहबे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणचे, यांना १९८४ च्या सुमारास गुजरातमधल्या धोली डुंगरीला घरट्याचा एक दगड मिळाला. अंडी होती, बारीक हाडं होती, ती पिल्लाची म्हणून नोंदली गेली. २००१ मधे मिशिगन विद्यापीठाचे जेफ विल्सन नागपूरला आले, तो दगड हातात घेऊन बघताना त्यांना त्या मणक्यांत वेगळंच काहीतरी दिसलं, ते मणके सापाचे होते! मग सरकारी परवानग्या, दगड अमेरिकेला, तिकडे कण कण करून साफ करणं, असं करत २०१० उजाडलं. साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून, शेजारी अर्ध्या मीटरचं नुकतं निघालेलं पिल्लू. त्या सापाला अजगरासारखा मोठा आ वासता यायचा नाही, आख्खं अंडं गिळणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून तो पिल्लू बाहेर यायची वाट बघत बसला असणार, आणि तेवढ्यात चिखल-वाळूचा लोंढा आला आणि शिकार, शिकारी सगळेच एकदम गाडले गेले. सनाजेह इंडिकस नाव ठेवलंय सापाचं.

मला यातलं सगळ्यात काय आवडतं तर सतरा वर्षं दगड तोच, हाडं तीच, फक्त बघणाऱ्याच्या डोक्यात साप नव्हता.

प्रश्न : टी. रेक्सचं वय कसं कळतं? त्याचा बर्थडे कुणाला माहीत असतो? मी ९ वर्षांचा आहे. (ठाणे)

अरे वा, शाब्बास. बर्थडेची तारीख नाही कळत, पण किती वर्षांचा होता ते कळतं. हाडाची पातळ चकती कापायची, इतकी पातळ की उजेड आरपार जाईल, आणि मायक्रोस्कोपखाली बघायची. झाडाच्या खोडात असतात तशा रेघा हाडात पण असतात, कारण वर्षातून एकदा, वाईट दिवसांत, वाढ थांबते. त्या मोजायच्या.

शिकागोच्या फील्ड म्युझियममधे सू नावाचा टी. रेक्स आहे, १९९० मधे सापडलेला. तो मेला तेव्हा तिशीच्या आसपास होता, म्हणजे तुझ्या बाबांपेक्षा पण लहान असेल! आणि १४ ते १८ वर्षांचा असताना टी. रेक्सचं वजन रोज जवळपास २ किलोने वाढायचं. रोज, हं. तुझी आई तुला भाजी खा म्हणून मागे लागते ना, त्याच्या आईला तसं करावं लागलं नसेल.

सू हे नाव ज्या ताईंना तो सापडला त्यांचं, पण तो नर होता की मादी ते कळलेलं नाही. त्याच्या बरगड्या मोडून पुन्हा जुळलेल्या आहेत, जुळलेल्या जागी हाड जाड झालंय. प्लास्टर नाही, डॉक्टर नाही, तसाच फिरत राहिला आणि बरा झाला.