तीन विहिरींवरून भूजलाची दिशा कळते का?

तुम्ही विचारलंय की रत्नागिरीकडच्या वाडीतल्या तीन विहिरींवरून जमिनीखालचं पाणी कुठे आणि किती वेगाने वाहतं ते काढता येईल का. दिशा बऱ्यापैकी कळेल. वेग मात्र अंदाजानेच.

विहिरी एका रेषेत नकोत. सकाळी पंप सुरू व्हायच्या आधी तिन्हींतलं पाणी काठापासून किती खोल आहे ते मोजा. काठांच्या उंचीतला फरक गवंड्याच्या लेव्हल नळीने काढा; लोक नेमकं हेच विसरतात आणि उताराची दिशाच उलटी येते. काठाच्या उंचीतून पाण्याची खोली वजा केली की त्या विहिरीतली पाण्याची पातळी मिळते. मग नकाशावर सर्वांत उंच आणि सर्वांत खालच्या पातळीच्या विहिरी रेषेने जोडा. त्या रेषेवर मधल्या विहिरीइतकी पातळी जिथे येईल तो बिंदू मधल्या विहिरीला जोडा. या नव्या रेषेला काटकोनात, खालच्या बाजूला पाणी जातं.

वेगासाठी फ्रान्सच्या आंरी दार्सी यांचा 1856 चा नियम: पारगम्यता (थर पाणी किती सहज जाऊ देतो) गुणिले पाण्याच्या पातळीचा उतार, भागिले सच्छिद्रता (थरातल्या पोकळ जागेचा वाटा). समजा पारगम्यता दिवसाला 5 मीटर, उतार शंभरात 1, सच्छिद्रता 0.1, तर पाणी दिवसाला अर्धा मीटर सरकतं.

पण हे वाळूसारख्या एकसारख्या थराचं गणित. आपल्या जांभ्यात भोकं आणि पोकळ्या, त्याखाली पाणी अडवणारी शेडी, म्हणजे चिकणमातीचा थर. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, पडलेला पाऊस त्या शेडीवरून घसरत उताराला झऱ्यांतून बाहेर पडतो, म्हणून तर पावसाळ्यात तुडुंब विहीर मे महिन्यात तळ दाखवते. तेव्हा मोजणी पावसाळ्यानंतर एकदा आणि मे मध्ये एकदा, अशी दोनदा करा.