घाट उतरताना ब्रेकचे पेडल मऊ का पडते?

प्रश्न : आमची एसयूव्ही रत्नागिरीत असते. ब्रेक पॅड बदलूनही आंबा घाट उतरताना पेडल मऊ पडते आणि गाडी डावीकडे ओढते. काय करावे?

उत्तर : दोष पॅडपेक्षा ब्रेक ऑइल आणि कॅलिपर (पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारा भाग) यांत असावा, असे मला वाटते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. नव्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तो ओलावा मुरल्यावर १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि लांब उतारावर तापलेल्या ऑइलची वाफ होऊन पेडल खाली जाते. खाऱ्या हवेने कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या, की गाडी एका बाजूला ओढते. ऑइल बदलून घ्या, पिना तपासून घ्या. तोवर मात्र, कळकळीची विनंती, गाडी घाटात नेऊ नका.